डोक्याला मार लागलेल्या माजी सैनिकासाठी सरकारी मदत: सुरुवात कुठून करायची?

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमान मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते. २०१९ मध्ये लडाखला ड्यूटीवर असताना गाडी दरीत गेली. डोक्याला जबर मार लागला. कवटीचं हाड काढून ऑपरेशन झालं आणि काही महिन्यांनी हाड परत बसवलं. पुढे लो मेडिकल कॅटेगरीत हलक्या कामावर ठेवलं आणि २०२२ मध्ये सेवा पूर्ण करून ते घरी आले. अपंगत्व ४० टक्के, पेन्शन चालू, हातपाय धडधाकट. पण घरात माणूस पूर्वीचा राहिलेला नाही. क्षुल्लक गोष्टीवरून अंगावर येतात, दिलेले पैसे कुठे गेले ते सांगता येत नाही, सांगितलेलं तासाभरात विसरतात. गेल्या वर्षापासून फिटही येऊ लागल्या. ताई विचारतात: टक्केवारी वाढेल का? सरकारचं एखादं पुनर्वसन केंद्र आहे का? आणि ‘घरात मी एकटी, मला कुणाचा आधार?’

ताई, मी सैन्याच्या वैद्यकीय सेवेत होतो आणि आता मेंदू-मणक्याच्या पुनर्वसनाचंच काम करतो. त्यामुळे मेडिकल बोर्डाच्या टेबलाच्या दोन्ही बाजू बघितल्या आहेत. गावाकडे प्रत्येक फौजीला मेजर म्हणतात, तसं मीही तुमच्या यजमानांना मेजरच म्हणतो.

टक्केवारीचा फेरविचार मागता येतो, आणि तुमच्या बाबतीत तो मागायलाच हवा. पुनर्वसनाचं सगळं एका छताखाली मिळेल अशी आशा मात्र धरू नका. ते चार ठिकाणांहून जोडून आणावं लागेल. तुमच्या स्वतःच्या मदतीबद्दल शेवटी बोलतो, कारण तिथे सरकारचा हात सगळ्यात आखडलेला आहे.

घरातला माणूस आणि फाइलमधला माणूस यांत एवढा फरक का पडतो, हे आधी समजून घ्या. पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

दरीत पडलेल्या गाडीत डोकं आपटतं तेव्हा सगळ्यात जास्त मार बहुतेक वेळा कपाळामागच्या आणि कानशिलामागच्या भागाला बसतो. कपाळामागचा भाग म्हणजे माणसाचा लगाम. राग आवरणं, पुढचा विचार करणं, काम सुरू करून शेवटाला नेणं, समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचं मन ओळखणं, हे सगळं तिथून चालतं. कानशिलामागचा भाग नवी आठवण साठवतो. दोन्ही ठिकाणी इजा झालेला माणूस उत्तम चालतो, बोलतो, सलाम ठोकतो. आपल्यात काही बिघडलंय हे त्याला स्वतःला जाणवतच नाही. तो खोटं बोलत नसतो. आपली चूक ओळखणारा भागच जखमी झालेला असतो.

असा माणूस मेडिकल बोर्डासमोर उभा राहतो. डॉक्टर विचारतात, ‘कैसे हो?’ उत्तर येतं, ‘ठीक हूँ साब.’ पंधरा-वीस वर्षं फौजेत काढलेला जवान ऑफिसरसमोर तक्रार करत नाही, ते त्याच्या अंगात मुरलेलं असतं. हातापायांची ताकद तपासली जाते, डोळे, कान, जखमेचा व्रण बघितला जातो. सैन्याच्या ‘शेप’ वर्गीकरणात ‘एस’ म्हणजे मानसिक आणि बौद्धिक क्षमता, त्यातही एखादा आकडा पडतो. पण दुपारी पोराने रिमोट हातातून घेतला म्हणून या माणसाने ताट भिंतीवर फेकलं होतं, हे बोर्डाला कुणी सांगितलेलं नसतं. ४० टक्के येतात ते असे. त्यात कुणाचा दुष्टपणा असतोच असं नाही. दिसलं तेवढंच लिहिलं जातं.

जगातल्या सगळ्यात श्रीमंत सैन्यालाही हे चुकलेलं नाही. जानेवारी २०२० मध्ये इराणने इराकमधल्या अल असद तळावर क्षेपणास्त्रं डागली, तेव्हा अमेरिकेने पहिल्या दिवशी जाहीर केलं की आमच्या एकाही माणसाला इजा नाही. पुढच्या काही आठवड्यांत हाच आकडा शंभराच्या वर गेला. सगळ्या मेंदूच्या जखमा. स्फोटाच्या दाबाने बसलेला धक्का सीटी स्कॅनमध्ये बऱ्याचदा दिसतसुद्धा नाही. मेजरांचं तसं नाही. त्यांच्या कवटीचं ऑपरेशन झालेलं आहे, म्हणजे जखम झाली हे सिद्ध करायची गरज नाही. त्या जखमेचे परिणाम काय झाले, एवढंच कागदावर आणायचं आहे.

त्यासाठी आजपासून एक वही घाला. दोनशे पानी साधी वही चालेल. भावना लिहू नका, घटना लिहा. तारीख, वेळ, काय झालं, किती वेळ चाललं, त्याआधी काय घडलं होतं. ‘सकाळी गॅस चालू ठेवून बाहेर गेले.’ ‘बाजारात पाचशे दिले, भाजी आणली नाही, पैसे कुठे गेले सांगता आलं नाही.’ ‘फिट आली, उजवा हात आधी झटके देऊ लागला, मग शुद्ध गेली, तीनेक मिनिटं, नंतर तासभर झोपले.’ फिटचं चित्रण मोबाइलवर करायला मुलाला सांगून ठेवा. न्यूरॉलॉजिस्टला तीन मिनिटांच्या व्हिडिओतून जे कळतं ते तुमच्या तासभराच्या वर्णनातून कळत नाही. फिट पाच मिनिटांवर गेली किंवा शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, तर व्हिडिओ राहू द्या आणि थेट दवाखाना गाठा.

दोन-तीन महिन्यांची वही हाताशी आली की ती घेऊन डॉक्टरांकडे जा आणि प्रत्येक परिणामाचं वेगळं निदान मागा. माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं हेच आहे. फाइलमध्ये ‘हेड इंज्युरी’ अशी एकच ओळ असते आणि त्या एका ओळीला एक टक्केवारी मिळते. खरं तर तिच्या पोटात पाच-सहा वेगळी दुखणी असतात. फिट हे एक. स्मरणशक्ती आणि लक्ष यांचं नुकसान दुसरं, ते मोजायला न्यूरोसायकॉलॉजिस्ट लागतो, तो दोन-तीन तास चाचण्या घेतो आणि आकड्यांत अहवाल देतो. वागणुकीतला बदल आणि उदासी, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ. कानाला कमी ऐकू येणं, वास न येणं, दोन-दोन दिसणं, हेही डोक्याच्या मारातून होतं आणि पुष्कळदा कुणी तपासत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला धक्का बसला असेल तर हार्मोन्स कमी पडतात. माणूस सतत थकलेला, सुस्त, थंडी न सोसणारा होतो आणि घरचे म्हणतात आळशी झाला. कॉर्टिसॉल, थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन या साध्या रक्ततपासण्या आहेत. न्यूरॉलॉजिस्टकडे त्यांचा विषय तुम्हीच काढा.

फिट आताच का सुरू झाल्या, असं तुम्ही विचारलंय. कवटी उघडावी लागेल इतका मार बसलेल्यांमध्ये फिटचा धोका बराच असतो आणि पहिली फिट कित्येक वर्षांनीही येऊ शकते. ‘अपघाताला इतकी वर्षं झाली, याचा त्याच्याशी काय संबंध’ असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नका. न्यूरॉलॉजिस्टच्या कागदावर एक वाक्य स्पष्ट असायला हवं: ही फिट २०१९ च्या डोक्याच्या जखमेतून उद्भवलेली आहे.

जाता जाता एक. फिटसाठी लेव्हेटिरासिटाम नावाची गोळी सर्रास देतात. गोळी चांगली आहे, पण काही लोकांत तिच्यामुळे चिडचिड आणि आक्रस्ताळेपणा वाढतो. मेजरांचा राग ही गोळी सुरू झाल्यावर वाढला का, ते वहीतल्या तारखांवरून बघा आणि डॉक्टरांना दाखवा. दुसरी औषधं आहेत. मात्र गोळी मनाने एक दिवसही बंद करू नका, अचानक थांबवली तर लागोपाठ फिट येऊन जिवावर बेतू शकतं.

आता कागद. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. तिथे मेजरांच्या सहीचा अर्ज पाठवून चार गोष्टींच्या प्रती मागा: अपघाताचा इंज्युरी रिपोर्ट म्हणजे आयएएफवाय-२००६, कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणजे सैन्याची अंतर्गत चौकशी झाली असेल तर तिचा निष्कर्ष, घरी येतानाच्या मेडिकल बोर्डाचा एएफएमएसएफ-१६, आणि अपघाताबद्दल निघालेली पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटने घेतलेली अधिकृत नोंद. अर्जाला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात मागा. मिलिटरी हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी तुमच्याकडे असेलच, नसेल तर तीही मागवा. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढा आणि मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, अगदी आमच्यासारख्यांच्याही नाही.

पार्ट टू ऑर्डर नीट वाचा. तिथे ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ आहे की ‘बॅटल कॅज्युअल्टी’ यावर बरंच ठरतं. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने अपंगत्वाचे ए ते ई असे पाच गट केले. नोकरीशी संबंध नसलेलं दुखणं ए मध्ये, नोकरीमुळे झालेले किंवा वाढलेले आजार बी मध्ये, ड्यूटीवरचे अपघात सी मध्ये. युद्ध, सीमेवरची चकमक किंवा सरकारने खास अधिसूचित केलेली मोहीम असेल तर ई, आणि ई मध्ये नेहमीच्या अपंगत्व पेन्शनऐवजी वॉर इंज्युरी पेन्शन लागू होते. ती बरीच जास्त असते. मेजरांची गाडी नेमकी कोणत्या कामावर होती, ती तुकडी अधिसूचित मोहिमेत होती का, हे कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या कागदात सापडेल. साध्या ड्यूटीवर असतील तर सी गट बरोबरच आहे, त्यात नसता वाद घालून वर्षं घालवू नका.

पैशाचं गणित सोपं आहे, फक्त ते कुणी समजावून सांगत नाही. अपंगत्व पेन्शनचे दोन भाग असतात. सर्व्हिस एलिमेंट नोकरीचा, तो टक्केवारीने बदलत नाही. डिसेबिलिटी एलिमेंट जखमेचा. शंभर टक्के अपंगत्वाला तो शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो आणि टक्केवारी कमी तसा त्या प्रमाणात कमी. समजा मूळ वेतन आणि मिलिटरी सर्व्हिस पे मिळून ४०,००० होते. शंभर टक्क्यांना १२,००० होतात, ५० टक्क्यांना ६,०००, ७५ टक्क्यांना ९,०००. त्यावर महागाई वेगळी.

मी ४० टक्क्यांचे ४,८०० लिहिले नाहीत, ते मुद्दाम. अपंगत्वाचे आकडे पेन्शनसाठी वरच्या टप्प्यावर नेतात: पन्नासच्या आत असेल तर ५०, पन्नास ते पंचाहत्तरमध्ये असेल तर ७५, त्यापुढे १००. आधी हा फायदा फक्त नोकरीतून वैद्यकीय कारणाने काढलेल्यांना होता. १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार खटल्यात तो पूर्ण सेवा करून घरी आलेल्यांनाही लागू असल्याचं मान्य केलं. म्हणून आधी मेजरांचा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, काढा आणि ४० टक्क्यांवर ५० टक्क्यांचा हिशेब लावलाय का ते बघा. लावला नसेल तर स्पर्श या सैन्याच्या पेन्शन पोर्टलवर तक्रार टाका, आणि प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाला पत्र जाईल अशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला विनंती करा. हे काम फेरतपासणीपेक्षा कितीतरी सोपं आहे, म्हणून आधी हे.

मग टक्केवारीचा फेरविचार. त्याच २००१ च्या पत्रात लिहिलंय की कायमस्वरूपी ठरवलेलं अपंगत्व आयुष्यभरासाठी अंतिम असतं, पण जवानाने स्वतः मागितलं तर फेरतपासणी होऊ शकते. म्हणजे सरकार तुम्हाला दरवर्षी बोलावून टक्के कापणार नाही, आणि तुमची तब्येत बिघडली तर दार बंदही नाही. अर्ज रेकॉर्ड ऑफिसला. त्यात ‘टक्केवारी वाढवा’ असं मोघम लिहू नका. ‘२०२२ च्या बोर्डात नोंद न झालेले किंवा त्यानंतर उद्भवलेले परिणाम’ असं म्हणून प्रत्येक निदान, तारीख आणि अहवाल जोडा. बोर्ड सगळ्या दुखण्यांचं एकत्रित मूल्यमापन करतं. ती साधी बेरीज नसते, २० अधिक ३० म्हणजे ५० असं धरून चालू नका. मेजर ५० च्या वर गेले तर पेन्शन ७५ टक्क्यांच्या टप्प्यात जाईल. तिथवर पोहोचणं अशक्य नाही.

बोर्डाच्या दिवशी तुम्ही सोबत जा. आत घेतील किंवा नाही घेणार, पण वहीची दोन पानी सुटसुटीत टिपणी आणि न्यूरोसायकॉलॉजिस्टचा अहवाल आधीच फाइलला लावून द्या. मेजरांना आदल्या दिवशी सांगा, ‘उद्या ठीक हूँ म्हणायचं नाही, जे होतं ते सांगायचं.’ विसरतील, तरी सांगा.

एक काळजी घ्या. २१ सप्टेंबर २०२३ पासून सैन्याच्या अपंगत्व पेन्शनचे नवे नियम आले आणि सेवा पूर्ण करणाऱ्यांच्या बाबतीत नावापासून बरंच बदललं. मेजर २०२२ ला घरी आले, म्हणून त्यांना जुने नियम लागू. कुणी नव्या नियमाचा कागद दाखवून परत पाठवायला लागलं तर ही तारीख दाखवा.

अर्ज फेटाळला तर? फेटाळल्याचं पत्र लेखी घ्या, कारणांसह. त्यावर पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत, मग दुसरं अपील, आणि तेही गेलं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. तिथे ज्या निकालाचा आधार वकील हमखास घेतात तो फिटचाच आहे, हे तुम्हाला ठाऊक असावं. धरमवीर सिंग हे सिग्नल कोअरमधले जवान १९८५ ला भरती झाले आणि १९९४ ला फिटच्या आजारामुळे २० टक्के अपंगत्व देऊन घरी पाठवले गेले. बोर्ड म्हणालं, हा प्रकृतीचा दोष, नोकरीशी संबंध नाही. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असंच धरायचं, आणि आजार नोकरीमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. धरमवीर सिंग यांच्या डोक्याला मार लागल्याचा कागद नव्हता. तुमच्याकडे तो आहे.

उशीर मात्र करू नका. अपंगत्व पेन्शनचा हक्क उशिराने बुडत नाही, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालाचा आधार घेऊन थकबाकी दावा दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच दिल्याची उदाहरणं भरपूर आहेत. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कायदेविषयक मदतीची चौकशी करा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना काढली ती यासाठीच.

इथे मनातली एक खंत बोलतो. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने डिसेंबर २०१३ मध्ये नियमच केला की नोकरीत मेंदूला ठरावीक तीव्रतेची जखम झालेल्या माणसाला पुढे फिट, पार्किन्सनसारखा आजार, काही प्रकारचा स्मृतिभ्रंश, नैराश्य किंवा हार्मोन्सची कमतरता आढळली, तर ती त्या जखमेतूनच आली असं धरायचं. कुटुंबाने सिद्ध करत बसायचं नाही. त्यांच्याकडे रिचमंड, टॅम्पा, मिनियापोलिस, पालो आल्टो आणि सॅन अँटोनियो अशी पाच मोठी केंद्रं आहेत आणि पेशंटमागे एक माणूस असतो, जो डॉक्टर, थेरपी आणि कागद यांची सांगड घालतो. त्यांच्याही व्यवस्थेत दिरंगाई आहे, तक्रारी आहेत. पण ती सांगड घालणारा माणूस आपल्याकडे पगारावर नाही. ते काम बायको करते.

उपचारांकडे येऊ. पुण्याचं नाव निघालं की लोक तीन संस्था सांगतात. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून आहे आणि उत्तम आहे, पण ते मणक्याला इजा होऊन पाय किंवा हातपाय गेलेल्या जवानांसाठी. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र अवयव गमावलेल्यांसाठी. खडकीचीच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ ची, ती अपंग जवानांना धंद्याचं शिक्षण देते. मेजर थोडे स्थिरावले की तिथे एखाद्या हलक्या कोर्ससाठी विचारायला हरकत नाही. तीनपैकी एकही मेंदूच्या जखमेसाठी उभारलेली नाही, त्यामुळे कुणी ‘खडकीला नेऊन ठेवा’ म्हणालं तर तेवढ्यासाठी गाडीखर्च करू नका.

तुमचा रस्ता ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा. जवळच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे, मग पुण्याचं कमांड हॉस्पिटल किंवा यादीवरचं खासगी रुग्णालय. पॉलिक्लिनिकमध्ये ‘फिजिओथेरपी लिहून द्या’ म्हटलं की लगेच मिळते, पण मेजरांना तिची गरज सगळ्यात कमी आहे. हातपाय ठीक आहेत. त्यांना ऑक्युपेशनल थेरपी आणि बौद्धिक पुनर्वसन हवं: दिवसाचं वेळापत्रक पाळणं, मोबाइलच्या गजरावर गोळ्या घेणं, यादी बघून बाजार करणं, राग चढताना उठून बाहेर जाणं. रेफरलवर हे शब्द लिहून मागा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, १९५५ ची. ती सगळ्या नागरिकांसाठी खुली आहे, तिथे ऑक्युपेशनल थेरपी, वाचाउपचार, समाजसेवक सगळं एका आवारात मिळतं. माझं मत विचाराल तर दोन-तीन आठवडे मुंबईत नातेवाइकांकडे राहून तिथे नीट मूल्यमापन करून घ्यावं आणि घरी करायचा कार्यक्रम लिहून आणावा. साताऱ्याहून आठवड्याला हेलपाटे घालण्यात कुणाचंच भलं नाही.

२०१९ चा अपघात, आता काय फरक पडणार, असं मनात येईल. मेंदू सगळ्यात वेगाने सुधारतो तो पहिल्या वर्षात, हे खरं. पण वागणं, सवयी आणि स्मरणाच्या युक्त्या पाच वर्षांनीही शिकता येतात. जुनी आठवणशक्ती परत येत नाही, तिच्यावाचून दिवस चालवायला शिकवता येतं.

रात्री फिट आली आणि यादीबाहेरच्या दवाखान्यात न्यावं लागलं तर खुशाल न्या, पण ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवा. नाहीतर बिल अडकतं. कार्डाची झेरॉक्स आणि पॉलिक्लिनिकचा नंबर देव्हाऱ्याजवळ टांगून ठेवा.

अपंगत्वाचं यूडीआयडी कार्डही काढा. जिल्हा रुग्णालयाचं बोर्ड वेगळं, तिथली टक्केवारी वेगळी, सैन्याच्या आकड्याशी ती जुळणार नाही आणि जुळावी असंही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत ‘मेंदूची जखम’ असा स्वतंत्र प्रकार नाही. परिणामांप्रमाणे कुठल्या तरी प्रकारात बसवतात. इथेही वेगवेगळी निदानं उपयोगी पडतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त आले की बहुतेक सवलतींचं दार उघडतं.

आता तुमचं. परावलंबी जवानाची देखभाल करणाऱ्यासाठी ‘कॉन्स्टंट अटेंडन्ट अलाउन्स’ आहे. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिना ६,७५० ठरला आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की २५ टक्के वाढतो. पण तो शंभर टक्के अपंगत्वाला आणि बोर्डाने शिफारस केली तरच. हातपाय चालणाऱ्या पण क्षणभरही एकटं सोडता न येणाऱ्या माणसाच्या बायकोला त्यातून आज काही मिळत नाही. हा नियम कुणीतरी अंथरुणाला खिळलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलाय आणि मला तो अन्यायाचा वाटतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन राज्याच्या आणि केंद्रीय सैनिक बोर्डाच्या कोणत्या योजनेत तुम्ही बसता ते एकदा लेखी विचारा. बऱ्याच योजना पेन्शन नसलेल्यांसाठी असतात, म्हणून फार आशेने जाऊ नका. मुलाच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती मात्र नक्की विचारा.

बँकेचं काम या महिन्यात करा. मेजरांना व्यवहार समजतोय आणि सही करता येतेय तोवर पेन्शनचं खातं तुमच्यासोबत संयुक्त करून घ्या, दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतील असं. पीपीओवर तुमचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का तेही बघा. पुढे त्यांना काहीच कळेनासं झालं तर बँक पालकत्वाचा कागद मागते, आणि मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जखमेसाठी तो मिळवायला बहुतेक वेळा उच्च न्यायालय गाठावं लागतं. आज एका सहीत होणारं काम तेव्हा वकील आणि वर्षभर खाईल. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो.

कॅन्टीनची बाटली घरात येऊ देऊ नका. मार लागलेल्या मेंदूला दोन पेगही चार पेगांसारखे चढतात, फिट आणि राग दोन्ही वाढतात, आणि गोळीवर दारू म्हणजे गोळी वाया. कार्डावरचा कोटा सोडवून गावात वाटण्याची पद्धत असते, तीही बंद करा. बाटली एकदा घरात आली की ती कुणासाठी आणली होती हे मेजरांना आठवणार नाही.

शेवटी नोकरी. तुम्ही लिहिलंय की एका मित्राने बँकेत बंदूकधारी रखवालदाराची जागा बघितलीय आणि मेजर खूश आहेत. फिट येणाऱ्या आणि राग न आवरणाऱ्या माणसाच्या हातात हत्यार नको, गाडी चालवणंही नको. फिटच्या आजारात ड्रायव्हिंग लायसन्सला कायद्यानेच हरकत आहे. पण हे तुम्ही सांगायला गेलात तर भांडण होईल. न्यूरॉलॉजिस्टकडून त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्या: वाहन चालवू नये, शस्त्र बाळगू नये, उंचीवर, विहिरीजवळ किंवा यंत्रावर एकट्याने काम करू नये. घरी बंदूक आणि परवाना असेल तर ती पोलीस ठाण्यात जमा करा. काम हवंच, नुसतं बसवून ठेवलं तर ते आणखी बिघडतील. मेस्कोकडे, म्हणजे राज्याच्या माजी सैनिक महामंडळाकडे, किंवा ओळखीच्या ठिकाणी हत्याराविना, दिवसपाळीचं, एकाच जागेचं, चार तासांचं काम मागा. गेटवर नोंदवही ठेवणं जमतं बऱ्याच जणांना, कारण तिथे सगळं समोर लिहिलेलं असतं. आणि डॉक्टरांचा तो कागद मेजरांना वाचून दाखवू नका, डॉक्टरांनाच त्यांच्या तोंडावर सांगायला लावा. फौजी माणूस बायकोचा सल्ला टाळेल, लेखी हुकूम पाळतो.